हवा तीच, विमाने दोन : एका तुलनेची प्रस्तावना

या पुस्तकात दोनच विमाने आहेत. पहिले मिग-२१ एफएल. सोव्हिएत आराखड्याचे हे विमान भारतात बांधता यावे म्हणून १९६४ साली नाशिकजवळ ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना सुरू झाला आणि ध्वनीच्या दुप्पट वेगाने जाऊ शकणारी यंत्रे महाराष्ट्रात तयार होऊ लागली. दुसरे एफ-१०४ स्टारफायटर. अमेरिकेतल्या लॉकहीड कंपनीत केली जॉन्सन यांच्या देखरेखीखाली घडलेले, १९५४ साली पहिल्यांदा उडालेले आणि १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला पाकिस्तानच्या हवाई दलात मोजक्या बारा नगांनी दाखल झालेले. १२ डिसेंबर १९७१ रोजी या दोन जातींची विमाने कच्छच्या आखातावर एकमेकांना भिडली. जामनगरहून उडालेले ४७ क्रमांकाच्या स्क्वाड्रनचे फ्लाइट लेफ्टनंट भारत भूषण सोनी यांनी विंग कमांडर मर्विन मिडलकोट यांच्या स्टारफायटरचा समुद्रालगत पाठलाग केला, आधी क्षेपणास्त्र सोडले, मग तोफ चालवली. स्टारफायटर पडले. मिडलकोट विमानातून बाहेर पडले, पण नंतर सापडले नाहीत.

या लढतीचा विषय आपल्याकडे निघाला की बोलणे एका वाक्यावर येऊन थांबते : मिग जिंकले, म्हणजे मिग सरस. पलीकडे वेगळे वाक्य असते : परिस्थिती उलटी पडली, नाहीतर स्टारफायटर सहज निसटले असते. ही दोन्ही वाक्ये तपासता येतात. ती कशी तपासावीत हे सांगणारी एक विद्या आहे आणि तिचा श्रीगणेशा करायला आता हवाई दलात जावे लागत नाही. अकलूजमध्ये घरच्या टेबलावर बरा संगणक आणि साधी जॉयस्टिक असेल तर तेवढ्यावर सुरुवात होते. त्या विद्येत वाचकाचे स्वागत करण्यासाठी ही प्रस्तावना लिहिली आहे. वाचक म्हणून माझ्या डोळ्यांसमोर अकरावी-बारावीला विज्ञान घेतलेली मुले-मुली आहेत, शंकरनगरला अभियांत्रिकी शिकणारे विद्यार्थी आहेत, आणि दिवसभर दुकान किंवा शेत सांभाळून रात्री तासभर सिम्युलेटरवर बसणारी मोठी माणसेही आहेत.

‘सरस कोणते?’ हा प्रश्न अपुरा आहे, हे अकलूजच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. दिवाळीच्या सुमाराला इथे घोडेबाजार भरतो. नवखा माणूस विचारतो, घोडा चांगला आहे का? जाणकार आधी विचारतो, घोडा कशाला पाहिजे? वरातीत नाचवायला, शर्यतीला, टांग्याला की पैदाशीला? त्यावर सगळे ठरते. मग तो दात पाहतो, भोवरे पाहतो, आणि एवढ्यावर समाधान न मानता रपेट मारून चाल दाखवायला सांगतो. विमानांच्या तुलनेत नेमके हेच करायचे असते : आधी काम ठरवायचे, मग कागद पाहायचा, मग चालवून बघायचे. बहुतेक वाद कागदावरच अडकतात, कारण कागदावर एक मोठा आकडा असतो आणि तो आकडा म्हणजे कमाल वेग.

कमाल वेगाइतका फसवा आकडा दुसरा नाही. मिग आणि स्टारफायटर दोघेही ध्वनीच्या दुप्पट वेगाचे म्हणून ओळखले जातात, पण तो वेग अकरा-बारा किलोमीटर उंचीवरच्या विरळ, थंड हवेतला. समुद्रसपाटीजवळ हवा दाट असते. तिथे विमानाला तो वेग झेपत नाही, आणि इंजिनाला ताकद उरली तरी सांगाड्याला मर्यादा असते. शिवाय कमाल वेगापर्यंत पोहोचायला मिनिटे लागतात आणि आफ्टरबर्नर चालू असताना इंधन कसे जाते हे मिगच्या वैमानिकांना पक्के ठाऊक असे. त्या विमानात मुळात इंधनच थोडे मावते. लढत चालते ती बहुधा ध्वनीच्या वेगाखाली, वळणांत, काही सेकंदांच्या हिशेबात. म्हणून आपल्यालाही वळणापासून सुरुवात करायला हवी.

सपाट वळण घेताना पंखाला विमानाच्या वजनाच्या कितीतरी पट उचल द्यावी लागते. पाचपट दिली तर वैमानिक म्हणतात, पाच जी ओढले. सेकंदाला २०० मीटर, म्हणजे ताशी ७२० किलोमीटर वेगाने पाच जीचे वळण घेतले तर त्याची त्रिज्या सुमारे ८३० मीटर येते आणि पूर्ण फेरा २६ सेकंदांत होतो. तेच पाच जी सेकंदाला २५० मीटर वेगाने ओढले तर त्रिज्या १,३०० मीटर होते आणि फेऱ्याला जवळजवळ ३३ सेकंद लागतात. बारावीच्या पुस्तकातल्या वर्तुळाकार गतीच्या सूत्राने हा हिशेब कुणालाही करता येईल. या हिशेबात विमानाचे नाव कुठेही येत नाही, हे वाचकाने थांबून पाहावे. मिग असो, स्टारफायटर असो, की लोहगावच्या तळावरचे सुखोई असो, वेग आणि जी सारखे असतील तर वळण सारखेच येणार. नाव येते ते पुढच्या दोन प्रश्नांत : या वेगाला, या उंचीवर हे विमान पाच जी ओढू शकते का? आणि ओढले तर किती वेळ?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर बरेचसे पंखात असते. मिग-२१चा त्रिकोणी पंख सुमारे २३ चौरस मीटरचा, स्टारफायटरचा सुमारे १८. त्यातून स्टारफायटर वजनाला जड. लढाईच्या वजनाला मिगच्या दर चौरस मीटर पंखावर सुमारे सव्वातीनशे ते साडेतीनशे किलोंचा भार येतो, स्टारफायटरच्या पंखावर साडेचारशे ते पाचशेपर्यंत. स्टारफायटरचा पंख आखूड आणि इतका पातळ की त्याची पुढची कड धारदार असे. जमिनीवर काम करणाऱ्यांना इजा होऊ नये म्हणून तिच्यावर आवरण चढवत. असा पंख प्रचंड वेगात हवेला फारच कमी अडवतो, पण कमी वेगात वळायला त्याच्याकडे उचल पुरत नाही. आणखी एक अडचण शेपटीची. तिचा आडवा भाग उभ्या भागाच्या माथ्यावर बसवलेला आहे. नाक फार वर घेतले तर पंखामागची खळबळलेली हवा या शेपटीवर येते आणि विमान एकाएकी नाक आणखी वर उचलते. त्यापासून वाचवायला दांडा थरथरवणारी आणि वेळ आली तर तो पुढे ढकलणारी यंत्रणा दिलेली होती. म्हणजे स्टारफायटरच्या वैमानिकाला ओढण्याची एक हद्द विमानच सांगत असे.

दुसऱ्या प्रश्नात मिगची बाजू तेवढी भक्कम राहत नाही. त्रिकोणी पंख नाक वर घेऊन मोठी उचल देतो खरा, पण त्याची किंमत ओढीत वसूल करतो. विमान झटकन वळते आणि वेग भराभर घालवून बसते. म्हणून या शास्त्रात वळणाचे दोन हिशेब वेगळे ठेवतात : क्षणभर किती वळता येते आणि वेग न गमावता किती वळत राहता येते. एका विमानाची पहिल्यात सरशी असून दुसऱ्यात पीछेहाट असणे ही नेहमीची गोष्ट आहे. सिम्युलेटरवर नव्याने आलेला माणूस पहिल्या वळणात पुढे निघाला की जिंकलो समजतो आणि तिसऱ्या फेऱ्यात त्याचे विमान लटपटू लागते, याचे कारण इथे आहे.

या दोन हिशेबांना एका धाग्यात ओवण्याचे श्रेय जॉन बॉइड या अमेरिकी हवाई दलातल्या वैमानिकाला आणि टॉमस क्रिस्टी या गणितज्ञाला जाते. १९६०च्या दशकाच्या पहिल्या अर्ध्यात, फ्लोरिडातल्या एग्लिन तळावर, रीतसर परवानगी नसताना संगणकाचा वेळ मिळवून त्यांनी आपल्या आणि सोव्हिएत विमानांची गणिते मांडली. कल्पना साधी आहे. इंजिनाच्या रेट्यातून हवेची ओढ वजा करा, उरेल त्याला वेगाने गुणा आणि विमानाच्या वजनाने भागा. समजा ८,००० किलोचे विमान सेकंदाला २५० मीटर वेगाने जात आहे आणि त्याच्याकडे २,००० किलोंचा रेटा शिल्लक आहे. उत्तर येते सेकंदाला साडेबासष्ट मीटर. म्हणजे त्या क्षणी ते विमान वेग न गमावता तेवढ्या दराने वर चढू शकते. नाहीतर सपाट उडत राहून दर सेकंदाला सुमारे अडीच मीटर प्रति सेकंद इतका वेग वाढवू शकते. शिल्लक शून्य असेल तर आहे तेच टिकते. शिल्लक उणे झाली तर उंची तरी जाते, नाहीतर वेग तरी. हाच आकडा निरनिराळ्या उंचीला, वेगाला आणि जीला काढून नकाशा करायचा, दुसऱ्या विमानाचा नकाशा त्यावर ठेवायचा, आणि कोणत्या भागात कोण वरचढ आहे ते रंगवायचे. बॉइड-क्रिस्टी यांच्या नकाशांत सोव्हिएत विमानांचा रंग अमेरिकी वरिष्ठांना वाटत होता त्याहून बराच मोठा निघाला. माझ्या मते विमानांच्या तुलनेत इतका स्वच्छ विचार त्याआधी किंवा त्यानंतर क्वचितच झाला असेल. वाद घालणारे दोघे असे दोन नकाशे घेऊन बसले तर वादाचे रूपांतर अभ्यासात होते.

आता सिम्युलेटरकडे वळू. पहिला यशस्वी उड्डाण-सराव यंत्रसंच एडविन लिंक यांनी १९२९च्या सुमारास केला. त्यांच्या वडिलांचा वाद्ये बनवण्याचा कारखाना होता आणि ऑर्गनच्या भात्यांचे तंत्र त्यांनी या संचाला वापरले. तो संच वैमानिकाला उपकरणांवर विसंबून उडायला शिकवत असे. विमानाची कामगिरी मोजण्याचे त्याचे काम नव्हते. आजच्या सिम्युलेटरच्या पोटात आकड्यांचे तक्ते असतात : अमुक कोनाला पंख किती उचल देतो, अमुक वेगाला ओढ किती, अमुक उंचीला इंजिनाचा रेटा किती, इंधन कुठे आहे, वजन कसे वाटले आहे. संगणक हे तक्ते सेकंदाला शंभरावर वेळा वाचतो आणि पुढच्या क्षणी विमान कुठे असेल ते ठरवतो. फ्लाइटगिअर या मोफत सिम्युलेटरमध्ये आणि त्याला जोडता येणाऱ्या जेएसबीसिम या गणन-आज्ञावलीत हे तक्ते उघडून वाचता येतात. अभ्यासासाठी मी त्यांचाच आग्रह धरतो. विकतच्या खेळांत चित्रे देखणी असतात, कॉकपिटमधला एकेक खटका जागच्या जागी असतो, पण आत कोणते आकडे भरले आहेत ते झाकलेले असते. ते बाहेरून मोजून ताडावे लागतात.

आणि मोजावे तर लागतेच. दोन विमाने एकमेकांशी ताडण्याआधी प्रत्येक विमान त्याच्या स्वतःच्या कागदपत्रांशी ताडायचे, हा या पुस्तकाचा पहिला नियम आहे. वैमानिकाच्या माहितीपुस्तिकेत चढण्याचा वेळ, वेग वाढण्याचा वेळ, वळणाच्या मर्यादा यांचे आलेख असतात. सिम्युलेटरमधले मिग त्याच वजनाने, त्याच उंचीवर उडवून हे वेळ घ्यायचे. समजा वेग वाढवण्याच्या चाचणीत ते मूळ आलेखापेक्षा आठ टक्के चपळ निघाले, तर पुढे स्टारफायटरशी तुलना करताना निघालेल्या पाच टक्क्यांच्या फरकाला काही अर्थ नाही. तो फरक विमानांचा आहे की तक्ते भरणाऱ्याच्या हाताचा, हे सांगता येत नाही. प्रवासी विमानांच्या वैमानिकांना ज्या सिम्युलेटरवर प्रशिक्षण देतात त्यांनाही प्रत्यक्ष उड्डाणाच्या नोंदींशी जुळवून, ठरलेल्या मर्यादेत फरक असेल तरच मान्यता मिळते. घरच्या अभ्यासाला तेवढी कडक शिस्त परवडणार नाही, पण दिशा तीच हवी.

हवेचीही तीच कथा. अकलूज समुद्रसपाटीपासून साधारण पावणेपाचशे मीटर उंचीवर आहे. मे महिन्यात पारा ४२ अंशांवर गेलेला असताना इथल्या एक घनमीटर हवेचे वजन सुमारे १.०६ किलो भरते. समुद्रसपाटीच्या प्रमाण हवेत ते १.२२५ किलो असते. म्हणजे अकलूजमध्ये जमिनीवर उभ्या असलेल्या विमानाला त्या दुपारी आपण दीड हजार मीटर उंचीवर आहोत असेच वाटणार. पंखाची उचल कमी, इंजिनाला मिळणारी हवा कमी. दोन्हींचा गुणाकार केला तर जमीन सोडायला लागणारी धाव जवळजवळ एक तृतीयांशाने वाढते. जानेवारीच्या पहाटे १२ अंशांवर तीच हवा १.१७ किलोंची होते. वायव्येला बारामतीच्या विमानतळावर प्रशिक्षणाची छोटी विमाने उडतात. तिथे शिकणाऱ्याला उन्हाळ्यातल्या दुपारचा आणि हिवाळ्यातल्या सकाळचा हा फरक पहिल्याच वर्षी कळत असणार. सिम्युलेटर मात्र आपण सांगितले नाही तर बहुधा १५ अंशांची प्रमाण हवा धरतो. मिग एका हवेत उडवले आणि स्टारफायटर दुसऱ्या हवेत, तर झालेली तुलना फेकून द्यावी लागते. म्हणून पुस्तकातली प्रत्येक चाचणी दोनदा दिली आहे : एकदा प्रमाण हवेत, आणि एकदा अकलूजच्या मे महिन्यातल्या दुपारच्या हवेत. दुसरी मांडणी इंग्रजी पुस्तकांत मिळणार नाही.

कागदपत्रांबद्दल एक सावधगिरी. मिग-२१ हे एका विमानाचे नाव नाही, ते घराण्याचे नाव आहे. १९६६ साली इराकी वैमानिक मुनीर रेद्फा आपले मिग-२१ घेऊन इस्रायलमध्ये उतरला. तेच विमान पुढे अमेरिकेने मिळवून १९६८ साली गुप्तपणे उडवून पाहिले आणि आपल्या अनेक लढाऊ विमानांशी ताडले. तो अहवाल आता खुला आहे आणि अभ्यासकाला खजिन्यासारखा आहे. त्यात खालच्या उंचीवर मोठ्या वेगात विमानाला जोराचे हादरे बसतात, अशी नोंद आहे. पुष्कळ लोक ही नोंद उचलून थेट १९७१च्या लढतीला लावतात. पण ते विमान एफ-१३ जातीचे होते. आपले एफएल त्यानंतरचे. त्याचे इंजिन वेगळे, रडार वेगळे, नाक वेगळे. एफएलमध्ये अंगची तोफ नव्हतीच. पोटाखाली पेटीत बसवलेली जोडनळीची तोफ नंतर दिली गेली आणि तिची ओढ हिशेबात धरावीच लागते. एका भावाची तब्येत पाहून दुसऱ्याला औषध देण्याचा प्रकार या क्षेत्रात फार चालतो. वाचकाने तो आपल्यापुरता तरी बंद करावा.

शस्त्रांच्या बाबतीत मात्र ही जोडी विलक्षण सोयीची आहे. स्टारफायटरकडे साइडवाइंडर क्षेपणास्त्र होते आणि मिगकडे के-१३. हे के-१३ साइडवाइंडरवरूनच तयार झाले. १९५८ साली तैवानच्या सामुद्रधुनीवर झालेल्या झटापटीत न फुटता चिनी मिग-१७मध्ये अडकून राहिलेले क्षेपणास्त्र सोव्हिएत अभियंत्यांच्या हाती पडले होते. दोन्ही शस्त्रे शत्रूच्या शेपटीमागून, इंजिनाच्या उष्णतेवर सोडायची. शस्त्रे जवळपास जुळी असली की विमानांतला फरक उठून दिसतो. ही जोडी निवडण्यामागे माझे हे एक मोठे कारण आहे.

स्टारफायटरबद्दल आणखी एक नोंद अभ्यासकाने जवळ ठेवावी. ७ सप्टेंबर १९६५ रोजी सरगोधावरच्या हल्ल्यात स्क्वाड्रन लीडर अज्जमाडा देवय्या यांच्या मिस्टेअर विमानाला स्टारफायटरने गाठले. मिस्टेअर ध्वनीच्या वेगाखालचे, कागदावर कुठेच न बसणारे. तरीही देवय्यांनी वळून झुंज दिली आणि स्टारफायटर पडले. त्याचा वैमानिक छत्रीने उतरला, देवय्या परत आले नाहीत. ही हकीकत भारतात पोहोचायला वर्षे गेली आणि १९८८ साली त्यांना मरणोत्तर महावीरचक्र मिळाले. बॉइडच्या नकाशावर पाहिले तर यात चमत्कार काही नाही : वेगवान विमान वेग घालवून वळणाच्या लढतीत उतरले की ते आपला रंग सोडून दुसऱ्याच्या रंगात जाते. चमत्कार वाटावा असे काही असेल तर ते जखमी विमान घेऊन वळण्याच्या निर्णयात आहे, आणि तो निर्णय कोणत्याही तक्त्यात भरता येत नाही.

आता १९७१च्या पाठलागाकडे परत येतो, कारण पुस्तकाचा सर्वांत लांब भाग त्याच्यावर आहे. कागदावर पाहिले तर समुद्रालगत सरळ रेषेत पळण्यात स्टारफायटर मिगला भारी. मग ते गाठले कसे गेले? इथे सुरुवातीची स्थिती कळीची ठरते. साधे उदाहरण घेऊ. हे आकडे त्या लढतीचे नव्हेत, समजण्यासाठी घेतले आहेत. पळणारे विमान वळून बाहेर पडते तेव्हा सेकंदाला २५० मीटरवर आहे, मागचे ३०० मीटरवर. पळणारे दर सेकंदाला तीन मीटर प्रति सेकंदाने वेग वाढवते. पन्नास मीटरची तूट भरायला त्याला जवळजवळ १७ सेकंद लागतात आणि तेवढ्यात मधले अंतर चारशे मीटरांहून जास्त घटते. मागचे विमानही वेग वाढवत असेल तर अंतर आणखी घटते. त्या काळच्या क्षेपणास्त्राचा पल्ला खालच्या दाट हवेत दोन-तीन किलोमीटरांच्या आतला, तोफेचा काही शे मीटरांचा. म्हणजे चारशे मीटर हा निकाल फिरवणारा आकडा आहे. पळणाऱ्याचा कमाल वेग कितीही मोठा असो, तो वापरायला त्याला वेळच मिळत नाही.

सिम्युलेटरचे खरे मोल इथे कळते. प्रत्यक्षात ती लढत एकदाच झाली. सिम्युलेटरवर ती वारंवार घडवता येते आणि दर वेळी एकच गोष्ट बदलता येते : मधले अंतर, वळणातून बाहेर पडतानाचा वेग, इंधन, हवेचे तापमान, पोटाखालची तोफ. एका वेळी एकच बदल, बाकी सगळे जसेच्या तसे. कोणत्या बदलाने निकाल उलटतो आणि कोणत्या बदलाने काहीच होत नाही, हे पाहत गेले की ‘मिग सरस’ आणि ‘स्टारफायटर निसटले असते’ या दोन वाक्यांच्या मधली जागा उलगडत जाते. माझे मत असे झाले आहे की त्या दिवसासारख्या पाठलागात कमाल वेगापेक्षा वळणातून बाहेर पडण्याचा क्षण जास्त मोलाचा होता, आणि मिगचे खरे बळ उरलेल्या रेट्यात होते. वाचकाने स्वतः उडवून याच्याशी असहमत व्हावे. पुस्तकात त्यासाठी लागणारी सुरुवातीची सगळी मापे दिली आहेत.

माणूस बदलला की निकाल बदलतो, म्हणून दोघांनी मिळून चाचणी घेताना जागा बदलायच्या असतात. ज्याने मिग उडवले त्याने पुढच्या फेरीला स्टारफायटर घ्यायचे. काय मोजणार ते उडण्याआधी लिहून ठेवायचे आणि हरलेल्या, फसलेल्या, समुद्रात पडलेल्या फेऱ्यासुद्धा वहीत उतरवायच्या. आवडत्या विमानाचे फसलेले प्रयत्न गाळण्याचा मोह फार मोठा असतो. एकाच माणसाने अनेक विमाने उडवलेली असली तर त्याच्या बोलण्याला निराळे वजन येते. नांदेड जिल्ह्यातले मूळ गाव असलेले, २०२१ ते २०२४ या काळात हवाई दल प्रमुख राहिलेले एअर चीफ मार्शल विवेक राम चौधरी यांनी मिग-२१पासून मिग-२३, मिग-२९ आणि सुखोई-३०पर्यंतची लढाऊ विमाने उडवली आहेत. अशा वैमानिकांच्या आठवणी मराठीत सविस्तर लिहून घेतल्या जायला हव्यात. तक्ता रेटा सांगतो. मागे वळून पाहताना मिगच्या कॉकपिटमधून किती थोडे दिसते, सहा जीला मान कशी दुखते, खाली समुद्र दहा-बारा सेकंदांच्या अंतरावर असताना हात कसा आखडतो, हे माणूसच सांगू शकतो. घरच्या खुर्चीत यांतले काहीच होत नाही. म्हणून सिम्युलेटरवर निघालेला निष्कर्ष विमानाबद्दल असतो, वैमानिकाबद्दल नसतो. मिडलकोट यांच्या किंवा सोनी यांच्या कौशल्यावर या पुस्तकात एकही शेरा नाही. ज्या माणसाने त्या पाण्यावर जीव गमावला त्याचे नाव आदरानेच घ्यावे, मग तो कोणत्याही बाजूचा असो.

आणखी एका कारणाने हे काम आता व्हायला हवे. भारतीय हवाई दलाने मिग-२१ एफएल २०१३ सालीच निवृत्त केले आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला या घराण्यातल्या उरलेल्या विमानांनाही निरोप दिला. स्टारफायटर सर्वांत शेवटपर्यंत सांभाळणाऱ्या इटलीच्या हवाई दलाने २००४ साली ते स्क्वाड्रन सेवेतून काढले. ओझरच्या धावपट्टीवरून आता तेजस उडते. ही दोन जुनी विमाने पूर्वीसारखी एकमेकांसमोर येण्याची जागा आता गणितात आणि सिम्युलेटरमध्येच उरली आहे, आणि ज्यांनी ती प्रत्यक्ष उडवली किंवा दुरुस्त केली ती पिढी अजून आपल्यात आहे. आपल्या ओळखीत ओझरला काम केलेले कुणी असेल, हवाई दलातून निवृत्त होऊन माळशिरस किंवा पंढरपूर तालुक्यात राहायला आलेले कुणी असेल, तर पुस्तकातले आलेख त्यांच्यासमोर ठेवा. ‘असे होत नसे’ हे त्यांचे एक वाक्य आपल्या आठवडाभराच्या चाचण्यांना दिशा देऊ शकते.

पहिली सहा प्रकरणे क्रमाने वाचावीत. पुढची हवी तशी. गणिताची भीती असलेल्याने तिसऱ्या प्रकरणातली सूत्रे सोडून आकृत्या पाहिल्या तरी चालेल, मात्र दुसरे प्रकरण कुणीही सोडू नये. त्यात काहीच थरारक नाही : एकच विमान, सपाट उड्डाण, ३,००० मीटर उंची, अर्धे इंधन, पंखाखाली काहीही नाही. ताशी ६०० किलोमीटरवर स्थिर व्हायचे, आफ्टरबर्नर लावायचा आणि ९०० गाठेपर्यंतचे सेकंद मोजायचे. मग तापमान २५ अंशांनी वाढवून पुन्हा. आधी मिग, मग स्टारफायटर. एक रेघांची वही, एक घड्याळ आणि उंची पन्नास मीटरांच्या आत राखण्याएवढा धीर, इतक्या सामग्रीवर हे प्रकरण एका रविवारच्या सकाळी पुरे होते.

अकलूज